चिकन नीट शिजवा, एवढं उत्तर पुरत नाही

दुकानातून आणलेल्या चिकनमध्ये अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू सापडले अशी बातमी आली की वाद सुरू होतो आणि तो दरवेळी त्याच दोन रुळांवरून धावतो. एक बाजू म्हणते, बघा, कोंबड्या औषधांवर फुगवतात, चिकन म्हणजे विष झालंय, खाणंच सोडा. दुसरी बाजू म्हणते, अहो कापायच्या आधी औषध ठरावीक दिवस बंद केलेलं असतं, मांसात औषधाचा अंश मर्यादेच्या खाली असतो आणि जिवाणू तर शिजवल्यावर मरतातच, मग उगाच घाबरवता कशाला. दोन दिवस भांडण चालतं, मग पुढची बातमी येते. मला या दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचून वाईट वाटतं, कारण दोघंही ताटाकडे बघून बोलतायत आणि खरी गोष्ट घडतेय शेडमध्ये. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसलं झालंय हे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: निरोगी कोंबड्यांना खाद्यातून किंवा पाण्यातून सरसकट अँटिबायोटिक देणं कायद्याने बंद व्हायला पाहिजे, तुम्ही घरी चिकन कितीही नीट शिजवत असलात तरी, आणि तुम्ही चिकनला आयुष्यात हात लावला नसला तरीसुद्धा.

सगळ्यात आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण अर्धा वाद त्या घोळावर उभा आहे. औषधाचा अंश ही एक गोष्ट आणि औषधाला न जुमानणारा जिवाणू ही वेगळी गोष्ट. कोंबडीला दिलेलं अँटिबायोटिक काही दिवसांत तिच्या शरीरातून बाहेर पडतं, म्हणूनच कापण्याआधी औषध बंद ठेवायचा काळ ठरवलेला असतो, आणि तो पाळला तर मांसात औषध जवळपास उरत नाही हे खरं आहे. पण त्या औषधाने जे जिवाणू निवडून मागे ठेवले ते कुठे जातात? ते कोंबडीच्या आतड्यात मजेत असतात, औषध बंद झालं म्हणून ते काही निघून जात नाहीत. कत्तलखान्यात आतडं काढताना फुटतं, आतलं बाहेरच्या कातडीला लागतं, मग थंड पाण्याच्या टाकीत एकाचं दुसऱ्याला लागतं, आणि तेच पॅकेटात बंद होऊन दुकानात येतं. म्हणजे 'आमच्या चिकनमध्ये औषधाचा अंश नाही' हे वाक्य शंभर टक्के खरं असू शकतं आणि त्याच पॅकेटात अर्धा डझन औषधांना न जुमानणारे जिवाणूही असू शकतात. प्रश्न एकाचा विचारला आणि उत्तर दुसऱ्याचं दिलं असं होतं हे, आणि ऐकणाऱ्याला वाटतं शंका फिटली.

शेडमध्ये नेमकं काय होतं ते जरा जवळून बघा. मोठ्या शेडमध्ये वीस-पंचवीस हजार पक्षी एकाच भुशावर सहा-एक आठवडे वाढतात, खातात तिथेच, शिटतात तिथेच. यातल्या दहा आजारी पडल्या तरी दहांना वेगळं काढून डोस देणं कुणाला जमत नाही, म्हणून औषध सगळ्यांच्या पाण्यात किंवा खाद्यात मिसळतात. आता जी कोंबडी खरंच आजारी आहे ती खातपीत कमी असते, म्हणजे जिला औषध हवं तिला कमी मिळतं आणि जिला नको तिला भरपूर. हजारो आतड्यांमध्ये थोडं थोडं औषध दिवसेंदिवस जात राहतं, मरायचे ते साधे जिवाणू मरतात आणि ज्यांना ते पचवता येतं त्यांना सगळी जागा मोकळी मिळते. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेल घेताना केलेल्या भाषणात हाच इशारा दिला होता, की पेनिसिलिन अपुऱ्या डोसमध्ये घेत राहिलात तर जंतूंना मारणार नाही, उलट त्यांना शिकवून तयार कराल. तो माणसांबद्दल बोलत होता. पाचच वर्षांत, १९५० मध्ये, अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांनी जाहीर केलं की ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवून उरलेला चोथा पिल्लांच्या खाद्यात थोडासा घातला तर पिल्लं भराभर वाढतात, आणि फ्लेमिंगने जे करू नका म्हणून सांगितलं होतं तोच एका धंद्याचा पाया झाला.

बरं हे नुसतं एका जिवाणूचं एका औषधाशी भांडण असतं तरी चाललं असतं. पण १९५९ मध्ये जपानमधल्या संशोधकांना दिसलं की हगवणीचे जिवाणू एकदम चार-चार औषधांना दाद देत नाहीत, आणि हा गुण ते आतड्यातल्या ई. कोलाय या साध्या जिवाणूकडून उचलू शकतात. जिवाणूंच्या अंगात मुख्य डीएनएशिवाय छोट्या छोट्या गोल चकत्या असतात, त्यांना प्लाझमिड म्हणतात, आणि एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून त्या चकतीची नक्कल देऊन टाकतो, जात वेगळी असली तरी. एकाच चकतीवर पाच औषधांविरुद्धचे जीन असतील तर कोंबडीला टेट्रासायक्लिन देऊन तुम्ही बाकीच्या चार औषधांचाही रेझिस्टन्स, म्हणजे त्यांना दाद न देण्याचा गुण, फुकटात वाढवता. म्हणून 'आम्ही देतो ते औषध माणसांना कुठे देतात' हा युक्तिवादही निम्माच खरा ठरतो.

आता समोरच्यांचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेऊ. शिजवल्यावर जिवाणू मरतात. हो, मरतात, आणि औषधाला न जुमानणारा जिवाणू उष्णतेलाही जुमानत नाही असं अजिबात नाही, तो साध्या जिवाणूसारखाच मरतो. मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान गेलं की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलाय सगळे संपतात. जे लोक शिजवलेल्या चिकनमधून सुपरबग पोटात जातात म्हणून घाबरवतात ते चुकीचं सांगतात आणि त्यामुळे खऱ्या मुद्द्याचं नुकसान करतात.

पण स्वयंपाकघरात चिकन शिजण्याआधी काय काय होतं ते आठवा. पॅकेट फोडलं की तळाला जमलेलं गुलाबी पाणी ओट्यावर सांडतं, थेंब खालच्या ड्रॉवरच्या हँडलवर पडतात, बरेच जण मांस नळाखाली धुतात आणि शिंतोडे सिंकभर, बाजूच्या वाळत ठेवलेल्या कपबश्यांवर उडतात, हात फडक्याला पुसले जातात आणि त्याच फडक्याने नंतर ताट पुसलं जातं. कॅम्पिलोबॅक्टर आजारी पाडायला किती लागतो? १९८१ मध्ये एका संशोधकाने स्वतःवरच प्रयोग केला होता, दुधातून साधारण ५०० जिवाणू घेतले आणि तो आजारी पडला. पाचशे जिवाणू म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही इतका अंश. २०१३-१४ मध्ये अमेरिकेत चिकनमधून अनेक औषधांना न जुमानणाऱ्या साल्मोनेलाची साथ आली, २९ राज्यांतले ६३४ लोक आजारी पडल्याची नोंद झाली आणि ज्यांची माहिती मिळाली त्यातल्या ३८ टक्के लोकांना हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलं. हे सगळे लोक अर्धकच्चं चिकन खाणारे बेफिकीर होते असं समजायचं का? साध्या माणसांची साधी स्वयंपाकघरं होती ती.

आणि समजा उद्यापासून जगातलं प्रत्येक स्वयंपाकघर ऑपरेशन थिएटरसारखं स्वच्छ झालं. तरी शेडमध्ये रोज काम करणारा माणूस, पक्षी पकडून ट्रकमध्ये भरणारा माणूस, कत्तलखान्यात आतडी काढणारा माणूस, त्यांच्या हातांवर, आतड्यात हे जिवाणू जाणारच. शेडमधला भुसा आणि शिट शेतात खत म्हणून जाते, पावसाने ओढ्यात जाते, माश्या इकडून तिकडे नेतात. यातलं काय शिजवून घ्यायचं?

मला इथे लंडनचा कॉलरा आठवतो. १८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरने ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपापाशी बोट ठेवलं, पंपाचा दांडा काढला गेला, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण लंडनमधून कॉलरा गेला तो दांडा काढल्याने नाही आणि लोकांना पाणी उकळून प्या सांगितल्यानेही नाही, तो गेला जोसेफ बाझलजेट या इंजिनिअरने शहराखालून गटारं बांधली आणि मैला पिण्याच्या पाण्यापासून वेगळा काढला तेव्हा. १८६६ मध्ये तिथे शेवटची मोठी साथ आली ती शहराच्या पूर्व भागात, जिथे नवी गटारं अजून जोडून झाली नव्हती. पाणी उकळून पिणं चूक होतं का? नाही, ते शहाणपणाचंच होतं आणि आजही आहे. पण 'उकळून प्या' हा सल्ला कुणी 'गटारं कशाला बांधता' याचं उत्तर म्हणून दिला असता तर त्याला आपण काय म्हटलं असतं? 'नीट शिजवा' हा सल्ला आज बरोबर तसा वापरला जातोय, आणि तो देणाऱ्यांमध्ये शिकलेसवरलेले लोक आहेत याचा मला जास्त त्रास होतो.

दुसरं म्हणणं याहून अवघड आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात रेझिस्टन्सचा मुख्य गुन्हेगार माणूसच आहे, सर्दीला अँटिबायोटिक घेणारा, तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या सोडणारा, हॉस्पिटलमध्ये हात न धुणारा. कोंबडीवर कशाला ढकलता?

हे मी घरात बघितलंय. आईला लघवीचं इन्फेक्शन झालं, पहिल्या गोळ्यांनी पाच दिवसांत ताप उतरेना, मग कल्चरला दिलं. रिपोर्टमध्ये ई. कोलाय आणि खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येक नावापुढे एक अक्षर, एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे रेझिस्टंट. मी बोट ठेवून वरून खाली वाचत गेलो. आर, आर, आर, आर, मध्ये एक एस आला म्हणून हायसं वाटलं तर डॉक्टर म्हणाले ते यांच्या किडनीला झेपणार नाही. शेवटी रोज एकदा शिरेतून इंजेक्शन, सात दिवस, हाताची शीर सापडेना म्हणून तिसऱ्या दिवशी मनगटात सुई. डॉक्टरांना विचारलं हे आलं कुठून, त्यांनी खरं उत्तर दिलं, की सांगता येणार नाही. आधी घेतलेल्या औषधांमुळे असेल, हॉस्पिटलमधून असेल, खाण्यातून असेल. ती बरी झाली. मी तो जिवाणू चिकनमधून आला असा दावा करणार नाही, कारण माझ्याकडे तसा काही पुरावा नाही, आणि या विषयावर असे दावे करणाऱ्यांनीच वाद बिघडवलाय.

किंबहुना उलटा पुरावाही आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात माणसांच्या रक्तातले, सांडपाण्यातले आणि चिकनसकट खाण्यातले ई. कोलाय जीन वाचून ताडून बघितले. माणसांना गंभीर आजार करणारे रेझिस्टंट प्रकार बहुतेक माणसांकडूनच माणसांकडे जाणारे निघाले, चिकनमधले बरेचसे वेगळे होते. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ शहरात वर्षभर दुकानांतलं मांस आणि लघवीच्या इन्फेक्शनचे नमुने शेजारी ठेवून तपासले तेव्हा ई. कोलायची एक विशिष्ट शाखा चिकनमध्ये आणि रुग्णांमध्येही सापडली, २०१८ मध्ये ते छापून आलं. म्हणजे रस्ता आहे, पण तोच सगळ्यात मोठा रस्ता नाही. मान्य.

पण मग यातून निष्कर्ष काय काढायचा? घराला दोन ठिकाणी गळती आहे, एक मोठी आणि एक लहान, तर मोठी बुजवेपर्यंत लहानाला हात लावायचा नाही असं कुणी करतं का? आणि काही औषधांच्या बाबतीत लहान-मोठं उलटंही असतं. कोलिस्टिन घ्या. १९५०च्या सुमाराचं जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून माणसांमध्ये जवळपास अडगळीत टाकलेलं, आणि मग बाकीची औषधं हरायला लागली तेव्हा शेवटचा उपाय म्हणून परत बाहेर काढलेलं. ते मधल्या काळात डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात टनावारी जात होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी एमसीआर-१ नावाचा जीन जाहीर केला, कोलिस्टिनला निकामी करणारा आणि प्लाझमिडवर बसून एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारा, तो डुकरांत, दुकानातल्या कच्च्या मांसात आणि रुग्णांमध्ये तिन्हीकडे सापडला. चीनमध्ये तेव्हा माणसांना कोलिस्टिन जवळपास देतच नव्हते. मग इथे कुठल्या रुग्णाने गोळ्या अर्धवट सोडल्या होत्या? चीनने २०१७ मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं बंद केलं आणि पुढच्या काही वर्षांत जनावरांत आणि माणसांतही तो रेझिस्टन्स खाली आला. भारतानेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली.

युरोप आणि अमेरिकेची तुलना तर दोन्ही बाजूंनी नीट समजून घ्यावी अशी आहे. व्हॅन्कोमायसिन हे हॉस्पिटलमधलं महत्त्वाचं औषध, आणि त्याचं चुलत भावंड अ‍ॅव्होपार्सिन युरोपात कोंबड्या-डुकरांना वाढीसाठी देत होते. युरोपातल्या हॉस्पिटलमध्ये व्हॅन्कोमायसिन बेतानेच वापरलं जायचं, तरी हॉस्पिटलची पायरी न चढलेल्या निरोगी लोकांच्या आतड्यात व्हॅन्कोमायसिनला न जुमानणारे एन्टेरोकोकस नावाचे जिवाणू सापडायला लागले. अमेरिकेत अ‍ॅव्होपार्सिनला परवानगीच नव्हती, तिथे बाहेरच्या लोकांत ते दिसले नाहीत पण हॉस्पिटलांमध्ये मात्र भरमसाट, कारण तिथे व्हॅन्कोमायसिनच भरमसाट वापरलं. म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणी औषध ओतलं आणि दोन्ही ठिकाणी पीक आलं. डेन्मार्कने १९९५ मध्ये अ‍ॅव्होपार्सिन बंद केलं तेव्हा तिथल्या ब्रॉयलरमधले सत्तर टक्क्यांहून जास्त एन्टेरोकोकस व्हॅन्कोमायसिनला दाद देत नव्हते, २००० पर्यंत तो आकडा सहाच्या आसपास आला. शून्य झाला नाही, हेही सांगायला हवं, काही गोष्टी एकदा पसरल्या की पूर्ण पुसल्या जात नाहीत.

तिसरं म्हणणं पोटाचं आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. स्वस्त प्रोटीन म्हणून जगभर गरीब माणसाला चिकन आणि अंडी परवडतात, औषधं काढलीत तर पक्षी मरतील, भाव वाढतील आणि त्याचा फटका श्रीमंताला बसणार नाही. शिवाय आजारी पक्ष्याला औषध नाकारणं ही क्रूरता आहे. यातलं दुसरं तर मला शंभर टक्के मान्य आहे, आजारी कळपाला औषध मिळालंच पाहिजे, आणि म्हणूनच 'अँटिबायोटिकशिवाय वाढवलेलं' असं लेबल लावून महाग विकणं हा मला उपाय वाटत नाही. त्या लेबलासाठी शेतकऱ्याला आजारी पक्ष्यांना औषध देणं लांबवायचा मोह होतो, आणि तरी त्या पॅकेटात रेझिस्टंट जिवाणू नसतीलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही, पिल्लू हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रातून, येतानाच ते घेऊन येऊ शकतं. आणि समजा लेबल खरं असलं, तरी ज्याला परवडतं त्याने स्वतःपुरती सोय केली आणि जिवाणू मात्र सगळ्यांच्यात फिरत राहिले.

पण भाव वाढतील हा भाग तपासून बघण्यासारखा आहे. १९५०च्या दशकात खाद्यात औषध घातल्यावर वाढ डोळ्यात भरण्यासारखी व्हायची, कारण तेव्हा शेड घाण होत्या, खाद्य निकृष्ट होतं, रोग जास्त होते. शेड सुधारल्या, लसी आल्या, जाती सुधारल्या तसा तो फायदा आटत गेला, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये तो साधारण एक ते तीन टक्क्यांवर आल्याचं मांडलं. डेन्मार्कमध्ये वाढीसाठीची औषधं बंद झाल्यावर ब्रॉयलरच्या मरतुकीत किंवा वजनात सांगण्यासारखा फरक पडला नाही, खाद्य किंचित जास्त लागलं आणि औषधाचा वाचलेला खर्च त्याने भरून निघाला. डुकरांमध्ये मात्र दूध तोडलेल्या पिल्लांना जुलाब वाढले, उपचारासाठीची औषधं काही काळ जास्त लागली, ते प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. नेदरलँड्समध्ये तर २०११च्या सुमाराला दुकानातल्या दर दहातल्या आठ चिकनच्या नमुन्यांत बिकट प्रकारचे रेझिस्टंट जिवाणू सापडले होते. त्या देशाने २००९च्या तुलनेत जनावरांची औषधं निम्म्याहून खाली आणली आणि तिथला पोल्ट्री धंदा बुडाला नाही. बंद करताना हवा खेळती ठेवणं, गर्दी कमी करणं, दोन बॅचमध्ये शेड रिकामी ठेवून धुणं, लस टोचणं हे सगळं करावं लागलं, आणि हे कष्ट आहेत. बऱ्याच ठिकाणी पक्षी पाळणारा माणूस कंत्राटावर असतो, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, त्यात काय मिसळलंय ते गोणीवर नीट लिहिलेलंही नसतं, आणि बंदीचा बोजा त्याच्या डोक्यावर पडायची भीती खरी आहे. म्हणून नियम खाद्य बनवणाऱ्याला आणि औषध विकणाऱ्याला लागू व्हायला हवा, शेवटच्या माणसाला पकडून दंड करून काही होत नाही.

मग इतकं सगळं माहीत असून अडलं कुठे? अडलं 'आधी पूर्ण सिद्ध करा' इथे. १९७०च्या दशकात स्टुअर्ट लेव्ही नावाच्या डॉक्टरने मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतावर तीनेकशे कोंबड्या घेतल्या, निम्म्यांना साधं खाद्य, निम्म्यांना थोडं टेट्रासायक्लिन घातलेलं. पैसे औषधवाल्यांच्याच संघटनेचे होते. आठवडा-दोन आठवड्यांत औषधवाल्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे ई. कोलाय टेट्रासायक्लिनला न जुमानणारे झाले, तीनेक महिन्यांत जी औषधं त्यांना दिलीच नव्हती त्यांनाही. सहा महिन्यांच्या आत शेतावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटातही रेझिस्टंट जिवाणूंचं प्रमाण शेजाऱ्यांच्या कितीतरी पुढे गेलं. १९७६ मध्ये हे छापून आलं. ब्रिटनच्या स्वान समितीने तर १९६९ मध्येच सांगितलं होतं की माणसांच्या उपचाराची औषधं जनावरांच्या वाढीसाठी वापरू नका. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन खाद्यातून काढायचा प्रस्ताव ठेवला, संसदेतून तो अडवला गेला, अजून अभ्यास करा म्हणून. वाढीसाठी अशी औषधं देणं तिथे थांबलं १ जानेवारी २०१७ ला. चाळीस वर्षं! पेट्रोलमधल्या शिशाचं हेच झालं होतं. १९२०च्या दशकात शिसं घातलं, आणि रॉबर्ट केहो नावाचे त्या उद्योगाचे वैद्यकीय सल्लागार कित्येक दशकं म्हणत राहिले की नुकसान होतं हे आधी तुम्ही दाखवा, तोवर आम्ही घालणार. जगातल्या शेवटच्या पंपावरून ते पेट्रोल गेलं २०२१ मध्ये, अल्जीरियात. मधल्या पिढ्यांतल्या मुलांच्या रक्तात जे गेलं ते परत काढता आलं का? ज्या गोष्टीचं नुकसान सगळ्यांमध्ये थोडं थोडं वाटलं जातं तिथे प्रत्येक रुग्णापुढे 'हा याच कोंबडीमुळे' असं दाखवा म्हणणं म्हणजे कधीच काही करू नका म्हणणं आहे. २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट रेझिस्टंट जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे, त्यातले किती शेडमधून आले हे कुणी नेमकं सांगू शकणार नाही आणि शून्य आले असंही कुणी म्हणू शकणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. 'वाढीसाठी' बंद केलं की तेच औषध त्याच डोसमध्ये 'रोग येऊ नये म्हणून' या नावाखाली परत येतं. अमेरिकेत २०१७ मध्ये जनावरांसाठीच्या अशा औषधांची विक्री वर्षभरात ३३ टक्क्यांनी उतरली ही चांगली गोष्ट, पण रोग नसताना प्रतिबंधासाठी देण्याची वाट उघडीच राहिली. युरोपने जानेवारी २०२२ पासून ही वाटही बरीचशी बंद केली, कळपाला सरसकट प्रतिबंधक औषध देता येत नाही. माझा भर यावर आहे, नावावर नाही. रोग आहे का? पशुवैद्याने बघितला का? कुठलं औषध, किती दिवस, कुठे नोंद केली? आणि तो आकडा औषधानुसार, जनावरानुसार छापला का? डेन्मार्क १९९५ पासून हे आकडे गोळा करून उघड्यावर ठेवतो, जनावरांचे आणि माणसांचे एकाच अहवालात.

आकडे का हवेत याचं कॅनडातल्या क्वेबेक प्रांताहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कॅनडात सरकारी माणसं दुकानात जाऊन, तुमच्या-माझ्यासारखं पैसे देऊन चिकन विकत घेतात आणि तपासतात, आणि रुग्णांकडून आलेले साल्मोनेलाही तिथेच तपासले जातात. क्वेबेकच्या हॅचऱ्यांमध्ये अंड्यातल्या पिल्लाला इन्फेक्शन होऊ नये म्हणून सेफ्टिओफर या अँटिबायोटिकचं इंजेक्शन अंड्यातच देत होते. या औषधाचं भावंड सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन लहान मुलांना आणि गरोदर बायकांना साल्मोनेला बळावला तर देतात. चिकनमधल्या साल्मोनेलाच्या एका प्रकारात हा रेझिस्टन्स ६२ टक्क्यांवर गेला होता आणि माणसांमध्ये ३६ टक्क्यांवर. आकडे समोर आल्यावर फेब्रुवारी २००५ मध्ये हॅचऱ्यांनी स्वतःहून इंजेक्शन थांबवलं. २००६ पर्यंत चिकनमध्ये ६२चे ७ टक्के झाले आणि माणसांत ३६चे ८. त्या काळात लोकांनी चिकन जास्त नीट शिजवायला सुरुवात केली होती का? स्वयंपाकघरं तीच होती, बदललं होतं ते हॅचरीतलं एक इंजेक्शन. मग २००७ मध्ये काही ठिकाणी ते परत सुरू झालं, आणि रेझिस्टन्सची रेघ परत वर चढायला लागली, तीही त्याच दुकानांतल्या पॅकेटांत मोजली गेली, आणि २०१४ मध्ये कॅनडाच्या चिकन उत्पादकांनी अशा महत्त्वाच्या औषधांचा प्रतिबंधक वापर पूर्ण बंद केला.